रुपयाभर बाकी

बँकेत जन्म काढलेल्या माणसाला पैशातलं सगळं कळतं, अशी लोकांची समजूत आहे. आमच्या कॉलनीतली पोरं अजून येऊन विचारतात, काका, घराचं कर्ज लवकर फेडून टाकू का? मी चष्मा पुसतो, घसा खाकरतो, 'फेडून टाक' हे ओठावर येतं आणि तिथंच गाडी अडते. कारण डोळ्यांसमोर घोडेगावचे माझे घरमालक उभे राहतात आणि डोक्याचा पटका सारखा करत विचारतात, "का बरं? भांडान झालं का?" मग मी त्या पोराला सांगतो, बघ बाबा, तुझं तू ठरव. पोरगं गोंधळून जातं. जाऊ दे, मी तर तेव्हापासून गोंधळलेलाच आहे.

गोष्ट सत्तर-एकाहत्तरची. बँका नुकत्याच सरकारी झाल्या होत्या आणि खेडोपाडी शाखा निघत होत्या. मी संगमनेरचा, नवा नवा क्लार्क, आणि माझी नेमणूक झाली घोडेगावला. घोडेगाव म्हणजे जनावरांचा बाजार. बाजाराच्या दिवशी गावात माणसांपेक्षा शिंगं जास्त, आणि बाकीचे दिवस धूळ खाली बसायची वाट बघण्यात जायचे. बाजारतळाच्या तोंडाशीच मालकांचं दुकान होतं. कासरे, दावी, जनावराच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या, गोंडे, घुंगरमाळा. तिकडे रीत अशी की बैल विकला तरी विकणारा आपलं दावं काढून घेतो, बैलाबरोबर देत नाही. दावं दिलं की गोठ्यातली लक्ष्मी जाते म्हणतात. त्यामुळे बैल घेणाऱ्याला नवा कासरा घ्यावाच लागे, आणि तो घ्यायला तो मालकांकडे येई. त्यांच्या घराची पुढची खोली रिकामी होती, ती मला भाड्याने मिळाली. मी राहिलो ती सगळी वर्षं ते मला 'पाव्हनं' म्हणत. पाहुणा कधी भाडं देतो का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "देतो की. थोडं मागं ठिवून."

ते थोडं मागं ठेवणं म्हणजेच मालक. बाकी त्यांच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. काळेसावळे, किडकिडीत, बोटांना कायम अंबाडीच्या दोराचा वास.

पहिल्या महिन्याचं भाडं मी मोठ्या ऐटीत त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी त्यातले आठ आणे काढून मला परत दिले आणि म्हणाले, हे ऱ्हाऊ द्या. मला वाटलं, बँकेतला माणूस म्हणून सूट दिली. मी खूश. दुसऱ्या महिन्यात भाडं दिलं तर म्हणाले, मागची आठ आने बाकी हाय बरं का तुमची. मी खजील होऊन ते दिले. त्यांनी ते घेतले आणि चालू महिन्याच्या भाड्यातले आठ आणे परत माझ्या हातात ठेवले. हे असं दर महिन्याला. पुढे मला पैशाची तंगी भासू लागली, कारण दिवसभर लोकांच्या नोटा हाताळणाऱ्या माझ्या खिशात महिनाअखेरीला एस.टी.चं भाडंही नसायचं. मग मी मालकांकडून उसने घ्यायचो. पगार झाल्यावर परत करायला जावं, तर त्यातलेही ते एक-दोन रुपये 'ऱ्हाऊ द्या' म्हणून मागे ठेवत. वर्ष संपेपर्यंत मी त्यांचं देणं लागतो की ते माझं, हेच मला कळेनासं झालं. एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बी.कॉम. झालेला माणूस मी, पण दोनदा बेरीज केली आणि दोन्ही वेळा वेगळी आली. मालक शेजारी दोर वळत बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "फाडा त्यो कागद. असल्या गोष्टी लिवल्या की बिघाडतात."

मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी एकदा विचारलं की हा काय प्रकार आहे. मावशी भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, लगीन झाल्यापासून मीच इचारतीय, अजून उत्तर मिळालं न्हाई. तुमी नवीन हाय, तुमी नादाला लागू नका.

पण नादाला लागल्याशिवाय गावात राहणं शक्य नव्हतं, कारण सगळं गावच त्यांच्या त्या नादात अडकलेलं. हॉटेलात पाच चहा प्यायले की ते चाराचे पैसे देत. न्हाव्याला मात्र चार आणे जास्त देत, म्हणजे तो त्यांचा देणेकरी. तेलवाल्याचं थोडं देणं, शिंप्याकडून थोडं येणं. हॉटेलवाला पहिल्यांदा चिडायचा, मग त्यालाही सवय झाली. एकदा शेवगावकडचा एक माणूस बाजाराला आला होता. मागच्या बाजारी घेतलेल्या म्होरकीचे चार आणे त्याच्याकडे राहिले होते, ते द्यायला तो बिचारा उन्हातून घरापर्यंत आला. मालकांनी खिडकीतून त्याला येताना पाहिलं आणि मावशींना सांगितलं, मी घरी न्हाई म्हनून सांग. देणेकरी लपून बसतात हे मी बँकेत रोज बघत होतो. घेणेकऱ्याला धान्याच्या कणगीमागे लपताना मात्र पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवशी मी हटून बसलो. म्हटलं, मालक, आज मला सांगाच. त्यांनी सांगितलं ते असं. माणसं एकमेकांना म्हणतात ना, चल, माझा हिशोब मिटवून टाक, ते कधी म्हणतात? एक तर भांडण झाल्यावर, नाहीतर घरातलं कुणी मेल्यावर. चांगल्या माणसात कोण हिशोब मिटवतो? फिटलं म्हंजी तुटलं. थोडं राहिलं की त्याला आपल्या दारात यावं लागतं, आपल्याला त्याच्या. मी म्हटलं, अहो, पण तो आज आला, तर तुम्ही लपलात. ते म्हणाले, "त्यो द्यायला आला हुता. बोलायला येऊ दे की."

याला काय म्हणावं? मी त्यांना तऱ्हेवाईक समजायचं ठरवलं, पण तेही धड जमेना. कारण बँकेत त्यांचं बचत खातं होतं, आणि त्यात सहामाही व्याज जमा झालं, तेव्हा ते पासबुक घेऊन माझ्या काउंटरवर आले. हे पैसे कुणी टाकले, मी तर टाकले न्हाईत. मी सांगितलं, तुमचे पैसे आमच्याकडे राहिले म्हणून बँकेने दिले. ते खूश झाले. मग मी सांगितलं की खात्यात निदान पाच रुपये ठेवावेच लागतात, सगळे काढले तर खातं बंद. हे ऐकून तर त्यांनी काउंटरवर थाप मारली आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "बगा, सरकारी बँक बी हेच सांगती. मी काय येगळं सांगत हुतो?" रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, हा माणूस चुकतोय तरी कुठे, हे मला सांगता यायला पाहिजे. आलं नाही.

आता मुख्य घोटाळा. छोट्या दुकानदारांना कर्ज द्यायचा तेव्हा सरकारचा आग्रह होता. आमच्या मॅनेजरसाहेबांनी मालकांनाही मालासाठी कर्ज दिलं. मालक हप्त्याला इतके पक्के की तारखेच्या आधी येऊन उभे. सगळं कर्ज मुदतीआधी फिटलं. सगळं म्हणजे, एक रुपया सोडून. तो त्यांनी ठेवला. साहेबांनी मला सांगितलं, मी मालकांना सांगितलं, मालक हसले. साहेबांनी पत्र पाठवलं. ते मालकांनी मला घरी वाचायला लावलं आणि मावशींना म्हणाले, बग, बँक किती आठवन ठिवती. त्या पत्राचा टपालखर्च धरला तर बँक तोट्यात होती. साहेब मुंबईहून आलेले, हिशोबाला काटेकोर, पण मनाने सरळ माणूस. वर्षअखेरीला कर्जाचा ताळा घालताना मालकांचा रुपया समोर आला की ते पेन खाली ठेवायचे, कपाळ दाबायचे आणि मला विचारायचे, हा मनुष्य तुमच्याच घरात राहतो ना? मी म्हणायचो, नाही साहेब, मी त्यांच्या घरात राहतो.

आणि मग तो दुष्काळ आला. बहात्तरचा. पाऊस नाही, चारा नाही. बाजारात जनावरं येत होती, पण ती विकायलाच. घेणारे थोडे, आणि घेऊन नवी घुंगरमाळ घालणारा तर कुणीच नाही. दुकानात गोंड्यांवर धूळ साचली. मालकांच्या मागच्या अंगणात दोर वळणारी दोन घरं होती, नवरा-बायको दोन्हीकडची. त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. सरकारच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ का, असं ती माणसं विचारायला लागली. मालक म्हणायचे, थांबा आठ दिवस. कारण एक वाट दिसत होती. जिकडेतिकडे विहिरी खोल करायचं काम निघालं होतं आणि विहिरीतला मुरूम वर ओढायला जाड दोर लागत होता. मुकादम दोर घ्यायला तयार होते. फक्त दोरासाठी अंबाडी आणि घायपात घ्यायला रोख पैसा हवा होता, कारण नगरचा व्यापारी त्या दिवसांत उधार द्यायला तयार नव्हता. म्हणजे बँकेचं दुसरं कर्ज मिळालं तर दुकान आणि ती दोन घरं तरणार, नाहीतर सगळे खडीवर.

साहेबांनी अर्ज बघितला. काम त्यांना पटलं. पण पहिलं कर्ज बंद झाल्याशिवाय दुसरं देता येत नव्हतं. मध्ये होता तो रुपया.

मी घरी येऊन सांगितलं. मावशींनी ताबडतोब फडताळातून रुपयाची नोट काढली आणि माझ्यापुढे धरली. मालकांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि परत फडताळात ठेवली. मी चिडलो. खोटं कशाला बोलू, आवाज चढवून बोललो. म्हटलं, अहो, तिकडे ती माणसं उपाशी झोपतायत आणि तुम्ही रुपयाला कवटाळून काय बसलात? मालकांनी फडताळाचं दार लावून घेतलं. मग त्यांनी सांगितलं, ते मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना एक धाकटा भाऊ होता, सोनईला. पूर्वी दोघांचं दुकान एकच होतं. धाकट्याला वेगळं व्हायचं होतं. चार पंच बसले, वाटण्या झाल्या. मालक म्हणत होते, बारकंसारकं राहू दे, बघू पुढं. धाकट्याने ऐकलं नाही. कुणाचं मिंधं राहायचं नाही म्हणाला, आणि पंचांसमोर सगळं देणंघेणं चुकतं केलं.

"पै न् पै चुकती केली त्यानं," मालक म्हणाले. "त्यात वंगाळ काय हुतं? कायच न्हाई. पन त्याला माज्याकडं यायला काय कारनच उरलं न्हाई, अन् मला त्याच्याकडं जायला. माज्या पोरीच्या लग्नाला आला, आहेर केला, मांडवातनंच माघारी गेला. आता बँकेशी बी तसंच करू का?"

सोनई तिथून काही लांब नाही. एस.टी.त बसलं की जरा डोळा लागतो न लागतो तोवर येते. बँक आणि भाऊ यात फरक असतो, असं मी म्हणालो, पण म्हणताना मलाच ते पुस्तकी वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना यातलं थोडंसं सांगितलं. साहेब भला माणूस. त्यांनी खिशातून स्वतःचा रुपया काढला, स्लिप भरली आणि मालकांचं पहिलं कर्ज बंद करून टाकलं. एवढंच ना, म्हणाले, संपवा ते प्रकरण. मलाही हायसं वाटलं. संध्याकाळी मी उड्या मारत घरी गेलो आणि आनंदाची बातमी दिली. मालकांच्या हातातला दोर तसाच राहिला. ते उठले, आत गेले आणि जेवायलाही बाहेर आले नाहीत. मावशी मला म्हणाल्या, काय केलंत हे. मी म्हटलं, मावशी, चांगलंच केलं की साहेबांनी. त्या म्हणाल्या, मला बी तसंच वाटतं, पन त्यांच्याकडं बगून तसं वाटंना.

सकाळी मालक धुतलेलं धोतर नेसून, कोरा पटका बांधून बँकेत आले. सांत्वनाला माणूस जातो तसे. साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले, बसले नाहीत, आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, माजं काय चुकलं?"

साहेब गडबडले. अहो, चुकलं कुठे, तुमचं खातं स्वच्छ झालं, तुमच्याकडे आता बँकेचं काहीही येणं नाही, असं ते समजावू लागले. मालक म्हणाले, "तेच म्हन्तो मी. आता मी उद्या मेलो तरी हितं कुनाला काय कळायचं कारन न्हाई."

शाखेत आम्ही मोजून पाच माणसं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. शिपायाने हातातला शिक्का खाली ठेवला. साहेबांना काय वाटलं कोण जाणे, कदाचित विषय हलका करावा असं वाटलं असेल. ते म्हणाले, हे बघा, बँकेचं नसलं तरी माझं आहे ना. तो रुपया माझ्या खिशातला होता.

मालकांनी मान वर केली. तुमचा सोताचा? माझा स्वतःचा. म्हंजी मी तुमचं देणं लागतो? लागता की, साहेब म्हणाले. मालकांचा चेहरा असा काही उजळला की मी बघतच राहिलो. त्यांनी कनवटीची पिशवी सोडली, त्यातून आठ आणे काढले, साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, निम्मं घ्या, निम्मं ऱ्हाऊ द्या. आणि खुर्ची ओढून बसले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

तरी गाडं पुढे सरकेना, कारण दुसरं कर्ज मोठं होतं आणि त्याला जामीनदार हवा होता. स्वतःची जागा-दुकान असलेला, पत असलेला. मालकांशी अख्खं गाव देण्याघेण्याने जोडलेलं, पण त्या वर्षी ज्यांना मन होतं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि ज्यांच्याकडे होतं ते मान खाजवत होते. दुसऱ्याच्या कर्जावर सही करायची म्हणजे आपल्या मानेला दावं, असं एकाने तोंडावर सांगितलं. मालक त्याच्यावर रागावले नाहीत. आठाचे दहा दिवस झाले. दोरवाल्यांपैकी एक घर कामावर जायची बोचकी बांधायला लागलं.

शेवटी मावशींनी नवऱ्याला न विचारता मला उठवलं. म्हणाल्या, पाव्हनं, चला माज्यासंगं सोनईला. त्या दिराच्या दुकानात गेलो. दीर मालकांसारखाच, फक्त अंगाने भरलेला आणि कपडे इस्त्रीचे. किराणा दुकान, लोखंडी कपाट, मागे पेढीसारखी गादी. मावशी पदर सावरून उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं बोलून मोकळ्या झाल्या. मी कागद दाखवले. त्याने कागद वाचले, वहिनींना चहा सांगितला, आणि मला एवढंच विचारलं की हे जामीनपण किती दिवस राहतं. मी म्हणालो, कर्जाची शेवटची पै फिटेपर्यंत. तो हूं म्हणाला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. परतीच्या एस.टी.त मावशींनी मला विचारलं, काय म्हनाला ओ त्यो? मी म्हटलं, मावशी, दीर तुमचा. मला काय कळणार?

बाजाराच्या दिवशी तो बँकेत आला. मालक बाकड्याच्या या टोकाला, तो त्या टोकाला, मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. एकमेकांकडे बघायचं नाही असं दोघांनी जणू आधी ठरवलं होतं. तो मला म्हणाला, त्यांना इचारा, सही कुठं करायची. मालक मला म्हणाले, त्यांना सांगा, खाली उजवीकडं. मी मध्ये उभा राहून मराठीतून मराठीत सांगत होतो. त्याने सही केली, टोपी घातली आणि गेला. मालक बराच वेळ त्या सहीकडे बघत बसले. मग म्हणाले, अक्षर हाय तसंच हाय.

कर्ज मिळालं, अंबाडी आली. सबंध उन्हाळा मागच्या अंगणात दोर वळायचं चाक कुरकुरत होतं. दोन्ही घरं राहिली, कुणी खडीवर गेलं नाही. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन माणसं दोर वळत होती आणि तो दोर गावोगावच्या विहिरींवर जात होता. पुढच्या पावसाळ्यानंतर मालकांनी कर्ज फेडायला सुरुवात केली. तारखेच्या आधी, पूर्वीसारखंच. मी आतल्या आत धसका घेऊन बसलो होतो, आणि झालं तसंच. सगळं फिटलं, एक रुपया राहिला.

साहेबांचा संयम संपला. या वेळी ते खिशात हात घालणार नव्हते, कारण त्यांचे आधीचेच आठ आणे अडकलेले होते. मला म्हणाले, नियमाप्रमाणे जामीनदाराला पत्र लिहा. मी लिहिलं. घरी मालकांना सांगायचं धाडस झालं नाही, आणि त्या भावाला एका रुपयासाठी सोनईहून यायला लावायचं याची लाजही वाटत होती. त्यालाच तर कुणाचं मिंधं राहायचं नव्हतं. आता तो येणार, रुपया फेकणार, आणि मालकांना दुसऱ्यांदा तेच सोसावं लागणार. रात्री जेवताना मालक नेहमीसारखे बोलत होते आणि मी मान खाली घालून भाकरी कुस्करत होतो.

तो आला. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. पत्र काउंटरवर ठेवून त्याने विचारलं, किती हाय? मी सांगितलं, एक रुपया. त्याने परत विचारलं, मी परत सांगितलं. मग म्हटलं, तुम्ही भरला तर खातं आत्ता बंद होईल, तुमची सही मोकळी होईल. त्याने खिशातून रुपयाची नोट काढली, काउंटरवर सरळ केली. मी स्लिप ओढली आणि लिहायला लागलो. त्याने नोटेवरचं बोट काढलं नाही.

"म्हंजी हे भरलं की मला हितं यायचं कारन न्हाई?"

"नाही," मी म्हणालो. "बँकेचं काही काम राहणार नाही तुमच्याकडे."

तो तसाच उभा राहिला. मागून साहेब चष्म्यावरून बघत होते, तेही मला दिसत होतं. घ्यावा तो रुपया, की न घ्यावा, मला काही कळेना. बँकेचा नोकर म्हणून मी हात पुढे करायला हवा होता. माझा हात स्लिपवरच राहिला.

त्याने नोट उचलली, घडी घातली आणि परत खिशात ठेवली. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मी म्हणालो, अहो, नियम आहे, पत्र आलंय तुम्हाला. तो म्हणाला, नियमाचं तुमी बगा. पायऱ्यांपर्यंत गेला, आणि तिथून वळून पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघत त्याने विचारलं,

"दादा आत्ता दुकानात असंल, का घरी?"

मी म्हटलं, घरी असतील, ही त्यांची जेवायची वेळ.

"मंग बरं झालं," तो म्हणाला, "मी बी जेवलेलो न्हाई."